स्नायूत मुरणारं रक्त : हिमोफिलियातल्या दुर्मीळ गुंतागुंतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमोफिलियात रक्त गोठवणारं एक प्रथिन, ज्याला फॅक्टर म्हणतात, जन्मतःच कमी असतं किंवा नसतंच, म्हणून रक्तस्राव लवकर थांबत नाही. हिमोफिलिया म्हटलं की सुजलेला गुडघा डोळ्यांपुढे येतो. ते साहजिक आहे, कारण दहा मोठ्या रक्तस्रावांपैकी सात-आठ सांध्यांतच होतात. स्नायूंच्या वाट्याला एक-दोन येतात, पण घरच्यांना आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही चकवतात ते हेच. सांधा फुगतो, गरम होतो, बोट ठेवून दाखवता येतो. स्नायूतलं रक्त आतल्या आत मुरत राहतं.

मला सीव्हिअर, म्हणजे तीव्र, हिमोफिलिया ए आहे. ए मध्ये फॅक्टर आठ कमी असतो, बी मध्ये फॅक्टर नऊ. एकोणिसाव्या वर्षी उजव्या जांघेतलं दुखणं मी तीन दिवस अंगावर काढलं. उसण भरली असेल असं घरात सगळ्यांना वाटलं, मलाही. त्या मांडीच्या पुढच्या बाजूचा तळहाताएवढा भाग आज बावीस वर्षांनंतरही बधिर आहे. म्हणून या पानावर एक गोष्ट पुन्हापुन्हा येईल : शंका आली की आधी शिरेतून फॅक्टर, मग बाकी सगळं. डोसचे आकडे दिले आहेत ते तुम्हाला डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. तुमचा स्वतःचा डोस तुमच्या हिमोफिलिया उपचार केंद्राकडून आधीच लिहून घ्या.

सूज दिसत नाही, मग स्नायूत रक्तस्राव झालाय हे ओळखायचं कसं?

मूल अवयव कसा धरून ठेवतं ते बघा. स्नायूत रक्त साचलं की तो ताणला जाणं सहन होत नाही, म्हणून शरीर आपोआप त्याला आखडून ठेवतं. पोटरीत रक्तस्राव असेल तर टाच जमिनीला टेकत नाही, मूल चवड्यावर चालतं. मांडीच्या मागच्या बाजूला असेल तर गुडघा सरळ होत नाही. कोपर ते मनगट या भागात असेल तर बोटं मिटलेली राहतात आणि कुणी ती उघडायला गेलं की मूल कळवळतं. दुखणं तासागणिक वाढत जातं, दाबलं तर स्नायू घट्ट लागतो.

मार लागलेला आठवेलच असं नाही. मुका मार असतो, किंवा मारही नसतो. क्रिकेटमध्ये एकदम घेतलेली धाव, ढोलपथकात दोन तास वाजवलेला ढोल, बसमध्ये चढताना चुकलेली पायरी एवढं पुरतं. काळानिळा डाग दोन-चार दिवसांनी उमटतो, आणि रक्त खाली उतरत असल्यामुळे तो मूळ जागेच्या खालीच दिसतो. मांडीतल्या रक्तस्रावाचा डाग गुडघ्यामागे आलेला मी पाहिला आहे. डागाची वाट पाहणं म्हणजे उपचाराची वेळ घालवणं.

लहान बाळांमध्ये पहिला रक्तस्राव कधी कधी लसीच्या इंजेक्शनानंतर मांडीत होतो, आणि हिमोफिलियाचं निदान तेव्हाच लागतं. घराण्यात कुणालाच हा आजार नाही म्हणून तो नसेल, असं धरू नका. साधारण एक तृतीयांश कुटुंबांत हे मूल पहिलंच असतं.

मुलाच्या उजव्या जांघेत दुखतंय, पाय पोटाशी घेऊन झोपलाय. अपेंडिक्स असेल का?

असू शकतं. पण हिमोफिलिया असलेल्या माणसात सोआस स्नायूतला रक्तस्राव आधी मनात यायला हवा. या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम सविस्तर देतो, कारण चूक होते ती बहुतेक इथेच.

सोआस हा कमरेच्या मणक्यांपासून निघून, पोटाच्या मागच्या बाजूने उतरत, मांडीच्या हाडाच्या वरच्या आतल्या टोकाला चिकटणारा लांब स्नायू. ओटीपोटाच्या हाडावरचा इलियाकस त्याला खाली येऊन मिळतो, म्हणून दोघांना मिळून इलिओसोआस म्हणतात. चालताना मांडी वर उचलतो तो हाच. तो इतका खोल आहे की हाताला लागत नाही. दुखणं जांघेत, ओटीपोटात किंवा कमरेत जाणवतं आणि घरात त्याला नाव मिळतं उसण, लचक, नाहीतर अवधाण. उजवीकडे असलं की सर्जनला अपेंडिक्स वाटतं. डाव्या बाजूचं दुखणं मुतखड्याच्या खाती गेलेलंही ऐकलं आहे.

ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. रुग्ण उताणा झोपला की तो पाय खुब्यात मुडपूनच ठेवतो. सरळ करायला गेलं तर असह्य दुखतं आणि ते टाळण्यासाठी कंबर उचलली जाते. पण मुडपलेला पाय तसाच ठेवून आत-बाहेर फिरवला तर फारसं दुखत नाही. खुब्याच्या सांध्यातच रक्त असेल तर मात्र फिरवतानाही दुखतं. दुसरी खूण मांडीच्या पुढच्या भागातल्या मुंग्या किंवा बधिरपणा. मांडीला जाणारी फिमोरल नस या दोन स्नायूंच्या मधल्या खाचेतून जाते, आणि साचलेलं रक्त तिला दाबतं.

आणखी एक धोका आहे. पोटामागच्या या जागेत पुष्कळ रक्त मावतं, प्रौढ माणसात एक लिटरपेक्षाही जास्त. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला, नाडी जलद झाली तर हिमोग्लोबिन लगेच तपासायला हवं आणि माणसाला दाखल करायला हवं. खरं तर सोआसचा रक्तस्राव असला की दाखल होणंच बरं. घरी फॅक्टर घेऊन पडून राहू, हा विचार इथे नको.

यासाठी फॅक्टर किती लागतो? नेहमीच्या गुडघ्याच्या डोसने भागेल का?

भागत नाही. वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हिमोफिलिया ए मध्ये सोआसच्या रक्तस्रावासाठी फॅक्टर आठची पातळी सुरुवातीला ८० ते १०० टक्क्यांपर्यंत न्यायची (१०० टक्के म्हणजे निरोगी माणसातली सरासरी पातळी), ती एक-दोन दिवस टिकवायची, आणि पुढचे तीन ते पाच दिवस ३० ते ६० टक्के ठेवायची. गरज पडली तर त्याहूनही जास्त दिवस. हिमोफिलिया बी मध्ये फॅक्टर नऊचं सुरुवातीचं लक्ष्य ६० ते ८० टक्के. साध्या, वरवरच्या स्नायूसाठी आणि सांध्यासाठी ४० ते ६० पुरतात.

फॅक्टर आठचं एक युनिट दर किलो वजनाला दिलं की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ५० किलोच्या मुलाला ८० टक्क्यांवर न्यायला ५० गुणिले ४०, सुमारे २००० युनिट. बारा तासांच्या आसपास त्यातला निम्मा उतरतो, म्हणून पुढचा डोस वेळेवर हवा. लहान मुलांत तो आणखी लवकर उतरतो. फॅक्टर नऊ जास्त काळ टिकतो, पण एका युनिटला साधारण १ टक्काच चढतो.

फॅक्टरचा साठा तुटपुंजा असतो तिथे याच सूचनांमध्ये कमी डोसचाही पर्याय दिलेला आहे : हिमोफिलिया ए मध्ये सुरुवातीला २० ते ४० टक्के. तो नाइलाजाचा पर्याय आहे. कमी डोस मिळत असेल तर अंथरुणावरची विश्रांती जास्त कडक पाळा आणि दिवस कापू नका. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक पुन्हा उलटलेल्या सोआसमागे एकच गोष्ट होती, दुखणं थांबल्यावर तिसऱ्या दिवशी थांबवलेला फॅक्टर.

डॉक्टर म्हणतात, सोनोग्राफीचा रिपोर्ट आल्यावर फॅक्टर देऊ. थांबावं का?

थांबू नये. नम्रपणे, पण ठामपणे सांगा. फॅक्टर दिला आणि रक्तस्राव नव्हता असं निघालं तर एक डोस खर्च झाला, एवढंच. रिपोर्टसाठी चार तास गेले आणि रक्तस्राव होता, तर त्या चार तासांत गोळा वाढला, नस दबली. अपेंडिक्सचं ऑपरेशन करायची वेळ आली तरी फॅक्टर आधी लागणारच आहे, म्हणजे तो डोस कुठल्याच बाजूने वाया जात नाही.

सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय जरूर करायचे, पण पहिल्या डोसनंतर. सोनोग्राफी स्वस्त आहे आणि पुन्हापुन्हा करता येते, त्यामुळे गोळा उतरतोय का हे पाहायला तीच बरी.

मांडी बधिर झाली आहे आणि जिना उतरताना गुडघा एकदम मुडपतो. हे भरून येतं का?

पुष्कळांचं येतं. फिमोरल नस दबली की मांडीच्या पुढच्या स्नायूतली ताकद जाते, गुडघा ताठ धरता येत नाही. दाब उतरला की नस हळूहळू पूर्ववत होते, त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. ताकद बहुधा आधी येते, संवेदना मागून. काहींची पूर्ण येत नाही. तोपर्यंत कुबडी किंवा गुडघ्याचा पट्टा वापरा, कारण गुडघा मुडपून पडलात तर नवा रक्तस्राव ठरलेला. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका कळत नाही. मला कळला नव्हता.

एवढं रक्त साचलंय, तर सुई घालून काढून टाकत का नाहीत?

कारण सुईने बाहेर येण्याजोगं पातळ रक्त तिथे फारसं नसतंच. ते गोठलेलं आणि स्नायूच्या धाग्यांत मुरलेलं असतं. सुईने मिळतं ते थोडंसं, आणि मागे राहतं नवं भोक, नवा रक्तस्राव आणि जंतू शिरायला वाट. फॅक्टर पुरेसा मिळाला की शरीर ते रक्त स्वतः शोषून घेतं.

आपल्याकडे यात एक खास गोंधळ होतो. मणक्याचा टीबी झाला की त्याचा पू सोआसमध्ये उतरून गळू होतं आणि तेही जांघेत येतं. भारतातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिलेले असतात, त्यामुळे सीटीवर सोआसमध्ये गोळा दिसला की ते गळू समजून नळी घालायची सूचना येऊ शकते. ताप, वजन घटणं, मणक्यातली झीज ही लक्षणं गळूच्या बाजूची. अचानक सुरू झालेलं दुखणं आणि घसरलेलं हिमोग्लोबिन रक्तस्रावाच्या बाजूचं. साचलेल्या रक्तात नंतर पू झाला, असंही क्वचित घडतं, आणि तेव्हा तो काढावाच लागतो. पण तेव्हाही आधी फॅक्टर देऊनच, आणि हिमोफिलियाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

हात कोपरापासून खाली दगडासारखा घट्ट झालाय, बोटं गार पडताहेत. सकाळपर्यंत वाट पाहिली तर चालेल का?

नाही. आत्ता निघा.

हाताचे आणि पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या चिवट पापुद्र्याच्या कप्प्यांत असतात. आत रक्त साचत गेलं की कप्प्यातला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू उपाशी मरायला लागतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. साधारण सहा तास पूर्ण रक्तपुरवठा तुटला तर झालेलं नुकसान परत फिरत नाही. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती सर्वांत शेवटी जाते. आधीची खूण म्हणजे बोटं ताणल्यावर होणारी, मारापेक्षा कितीतरी मोठी वाटणारी वेदना. मग मुंग्या, मग बधिरपणा, मग बोटं हलेनाशी होणं.

वेळेवर पोहोचलात तर पुरेसा फॅक्टर आणि बारकाईने देखरेख एवढ्यावर पुष्कळ हात वाचतात. हात हृदयाच्या पातळीला ठेवायचा, फार उंच टांगायचा नाही, आणि प्लास्टर किंवा घट्ट पट्टी असेल तर ती लगेच सोडायची. दाब उतरत नसेल तर तो पापुद्रा उभा चिरून कप्पा मोकळा करतात. पातळी १०० टक्क्यांच्या जवळ नेल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करायची नसते, आणि जखम भरेपर्यंत फॅक्टर चालू ठेवावा लागतो.

वेळ गेली तर स्नायू तंतुमय होऊन आखडतो आणि हाताची बोटं कायमची पंजासारखी वळतात. रिचर्ड फॉन फोल्कमन या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये ही विकृती वर्णन केली. तिला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. पोटरीत हेच झालं तर पाऊल घोड्याच्या खुरासारखं टोकावर येतं. पुढे स्प्लिंट, फिजिओथेरपी, कंडरा लांबवण्याच्या शस्त्रक्रिया असतात, पण त्या गेलेला स्नायू परत देत नाहीत.

शिरेतून रक्त घ्यायचं असेल तर दंडाच्या धमनीत चुकूनही सुई जाऊ देऊ नका, हे रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा. कोपराच्या आतल्या बाजूला झालेली तेवढीशी चूक हाताच्या कप्प्यात रक्त भरायला पुरते.

स्यूडोट्यूमर म्हणजे कॅन्सर का?

नाही. नावात ट्यूमर आहे म्हणून घरं हादरतात, तेव्हा हे आधी सांगतो. १९१८ मध्ये स्टार्कर यांनी तो पहिल्यांदा वर्णन केला. एखाद्या जागी रक्तस्राव होतो, तो पुरता बरा व्हायच्या आत त्याच जागी पुन्हा होतो, पुन्हा होतो. जुन्या रक्ताभोवती जाड तंतुमय कवच तयार होतं, आत रक्ताचा चिखल, आणि कडेने नवं रक्त झिरपत राहतं. असा गोळा वर्षानुवर्षं, बहुतेकदा न दुखता, वाढतो. वाढताना शेजारचं हाड खातो, नसा दाबतो. सीव्हिअर हिमोफिलिया असलेल्या शंभरांत एक-दोघांना तो होतो असं मानलं जातं, आणि जिथे वेळेवर फॅक्टर मिळत नाही तिथे तो जास्त दिसतो. आज नियमित प्रतिबंधक फॅक्टर घेत वाढलेल्या मुलांना तो माहीतसुद्धा नसतो. ज्यांच्या लहानपणी फॅक्टर परवडत नव्हता, त्या माझ्या पिढीच्या आणि आधीच्या माणसांच्या मांडीत आणि ओटीपोटात तो अजून आहे.

त्याचे ढोबळ दोन प्रकार. मोठ्या माणसांत तो ओटीपोटाच्या हाडाजवळ किंवा मांडीत होतो, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा अर्धवट बऱ्या झालेल्या सोआसमधूनच झालेली असते. लहान मुलांत तो हाताच्या-पायाच्या छोट्या हाडांत होतो, टाचेत किंवा बोटांत. मुलांमधला प्रकार फॅक्टर आणि प्लास्टरने बऱ्याचदा आटोक्यात येतो.

एक्स-रेवर तो हाडाच्या कॅन्सरसारखाच दिसतो. मग बायोप्सी सुचवली जाते. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या अशा गोळ्यात बायोप्सीची सुई घालणं अतिशय धोक्याचं आहे : रक्त थांबत नाही, भोक बुजत नाही, आत पू होतो. एमआरआयवर वेगवेगळ्या वयाच्या रक्ताचे थर दिसतात आणि निदान बहुधा तिथेच होतं. खरा सार्कोमा (हाडाचा किंवा मऊ भागाचा कॅन्सर) निघाल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणून चित्र जुळत नसेल तर प्रश्न तसाच सोडू नये. पण त्याचा निर्णय हिमोफिलियाचे डॉक्टर, ऑर्थोपेडिक सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो.

उपचार गोळ्याच्या वयावर ठरतो. लहान आणि कवच न धरलेला असेल तर काही आठवडे सतत फॅक्टर, त्या भागाला विश्रांती, आणि दर थोड्या दिवसांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय. लहान होत असेल तर उपचार काही महिने पुढे न्यायचा. कवच धरलं, वाढत राहिला, हाड मोडायच्या बेताला आलं, तर शस्त्रक्रिया. कधी त्याआधी रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गोळ्याचा रक्तपुरवठा बंद करतात. शस्त्रक्रिया शक्यच नसेल, किंवा इनहिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी) असतील, तर रेडिओथेरपीचा मार्ग आहे. ओटीपोटातल्या मोठ्या गोळ्याची शस्त्रक्रिया ही हिमोफिलियातल्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी आहे. ती जवळच्या चांगल्या हॉस्पिटलात नव्हे, तर याचा अनुभव असलेल्या केंद्रातच करा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी त्यासाठी लांबून माणसं जातात ती उगीच नाही. गोळा तसाच सोडला तर तो कातडीतून किंवा आतड्यात फुटू शकतो, आणि त्यानंतरची लढाई फार कठीण असते.

मांडीत हाडासारखं टणक काहीतरी लागतंय.

मुरलेल्या रक्ताच्या जागी कधी कधी कॅल्शिअम साचून खरंच हाड तयार होतं, विशेषतः मांडीच्या पुढच्या स्नायूत आणि खुब्याभोवती. एक्स-रेवर ते दिसतं. बऱ्याचदा काही करावं लागत नाही. चोळायचं मात्र अजिबात नाही, जोर लावून ताणायचंही नाही. हालचाल फारच अडत असेल तर ते काढतात, पण ते पूर्ण पक्कं झाल्यावर, म्हणजे अनेक महिन्यांनी. कच्चं असताना काढलं तर परत येतं.

फॅक्टर पूर्ण घेतोय, तरी सूज वाढतेच आहे. असं का?

पहिला संशय इनहिबिटरचा. सीव्हिअर हिमोफिलिया ए मध्ये साधारण ३० टक्के जणांच्या शरीरात कधी ना कधी दिलेल्या फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि मग फॅक्टर नुसता वाया जातो. बी मध्ये हे प्रमाण बरंच कमी आहे, पण तिथे फॅक्टर देताच तीव्र ॲलर्जी येऊ शकते. इनहिबिटरची चाचणी त्याच दिवशी मागा. असतील तर वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं लागतात : रीकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए, दर किलोला ९० मायक्रोग्रॅम, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी; किंवा ज्याला सगळे फीबा म्हणतात ते एपीसीसी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या अनेक फॅक्टरांचं मिश्रण.

दुसरी शक्यता फार दुर्मीळ आहे, पण ठाऊक हवी. सूज हाताखाली नाडीसारखी धडधडत असेल तर धमनीची भिंत फाटून फुगा तयार झालेला असू शकतो. ती गळती नुसत्या फॅक्टरने बंद होत नाही. डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफी करून, नळीवाटे ती वाहिनी बंद करावी लागते. अशी सूज चुकून चिरली गेली तर काय होईल ते सांगायला नको.

एमिसिझुमॅब चालू आहे. मग हे सगळं वाचायची गरज आहे का?

आहे. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घ्यायच्या या इंजेक्शनाने हिमोफिलिया ए असलेल्यांचे रक्तस्राव खूपच कमी झाले, पण ते प्रतिबंधक औषध आहे. सुरू झालेला मोठा रक्तस्राव त्याने थांबत नाही, त्याला फॅक्टरच लागतो. आणि रक्तस्राव कमी होत असल्यामुळे माणसाची सवय मोडते, लक्षण ओळखायला उशीर होतो.

डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. त्याने एपीटीटी ही, रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी, नेहमीची चाचणी खोटी नॉर्मल दिसते. इनहिबिटर असलेल्यांनी या औषधासोबत फीबा टाळावं. मोठ्या डोसात दोन्ही एकत्र गेल्यावर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचे गंभीर प्रकार घडले आहेत. अशा वेळी फॅक्टर सात-ए पहिला.

जीभ चावली गेली आणि आता गळा सुजतोय.

जिभेचा, घशाचा आणि मानेचा मऊ भाग फुगला तर श्वासनलिका दाबली जाते. आवाज बदलणं, लाळ गिळता न येणं, मान ताठ धरणं यांपैकी काहीही दिसलं तर मोठा डोस ताबडतोब, शक्य असेल तर निघण्याआधी घरीच, आणि मग थेट आयसीयू असलेलं हॉस्पिटल. खालच्या दाढेसाठी डेंटिस्ट मागच्या बाजूला देतात ते भुलीचं इंजेक्शनही फॅक्टर घेतल्याशिवाय घेऊ नका, कारण तिथलं रक्त थेट घशाकडे उतरतं.

दुखण्यावर काय द्यायचं? शेक, मालिश, तेल?

पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, त्यांनी प्लेटलेटचंही काम बिघडतं. कमरेत दुखण्याचं इंजेक्शन देतो असं कुणी म्हणालं तर हात धरा. त्या इंजेक्शनात औषधही चुकीचं असतं आणि सुईही स्नायूतच जाते. आधीच रक्त साचलेल्या माणसाला दुसरा गोळा मिळतो. लसी शक्य तिथे कातडीखाली, बारीक सुईने द्याव्यात आणि जागा दहा मिनिटं दाबून धरावी.

पहिल्या दिवसांत शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, चार-सहा तासांनी. मालिश आणि हाडवैद्याचं चोळणं कधीच नको. आजी प्रेमाने तेल लावून चोळते, तिला दोष देऊ नका, पण तिला हे समजावून सांगा. आपल्याकडे दुखऱ्या पायाला हात लावणं ही मायेची रीत आहे, आणि या एका आजारात ती थांबवावी लागते.

पुन्हा चालायला कधी सुरुवात करायची?

सोआसचा रक्तस्राव असेल तर पाय पूर्ण सरळ होईपर्यंत चालायचं नाही, शाळा बुडाली तरी. दुखणं थांबल्यावर आधी स्नायू जागच्या जागी आवळणं आणि सैल सोडणं. मग पालथं झोपायला जमतंय का ते पाहायचं. पालथं झोपलं की खुब्याचा पुढचा भाग आपसूक सरळ होत जातो. त्यानंतर कुबड्या. फिजिओथेरपीच्या दिवशी फॅक्टर आधी घ्यायचा, आणि हा क्रम काही आठवडे चालवायचा. बाकी स्नायूंना इतकी बंधनं नाहीत, पण जी हालचाल गेली होती ती पूर्ण परत आल्याशिवाय मैदानावर जाऊ नका.

आजोबा सत्तरीचे आहेत, त्यांना कधीच हिमोफिलिया नव्हता. आता अंगभर मोठे काळे डाग आणि मांडीत गोळा आलाय.

हा जन्मजात आजार नसेल. म्हातारपणी, आणि कधी बाळंतपणानंतर बायकांनाही, शरीर स्वतःच्याच फॅक्टर आठविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना हे होतं. यात सांधे सहसा वाचतात, रक्त कातडीखाली आणि स्नायूंत पसरतं. एपीटीटी लांबलेला आणि पीटी (रक्त गोठण्याची तशीच दुसरी चाचणी) नॉर्मल असेल तर रक्तविकारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जा. रक्त थांबवायला वळसा घालणारी औषधं, आणि प्रतिपिंडं बुजवायला स्टेरॉइडसारखी औषधं, असा दुहेरी उपचार असतो.

महाराष्ट्रात यासाठी कुठे जायचं?

राज्यात सरकारी मेडिकल कॉलेजं आणि अनेक जिल्हा रुग्णालयांतल्या केंद्रांत फॅक्टर मोफत मिळतो. मुंबईत परळच्या केईएमच्या आवारातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था आहे. निदान, इनहिबिटरची पातळी आणि आई-बहिणींची वाहक चाचणी यासाठी तिथलं काम मोठं आहे. हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) ही रुग्णांनीच १९८३ मध्ये उभी केलेली संस्था, तिच्या शाखा मुंबई, पुणे आणि इतर शहरांत आहेत. शाखेत नाव नोंदवा. अडल्या वेळी कुठल्या केंद्रात साठा आहे हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डसाठीही, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा.

गावात राहतो, केंद्र तीन तासांवर आहे. रात्री निघावं लागलं तर बरोबर काय घ्यायचं?

फ्रीजमध्ये एक मोठा डोस कायम ठेवा, आणि घरी शिरेतून द्यायला शिकलेला माणूस असेल तर तो देऊनच निघा. देणारा कुणी नसेल तर वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फॅक्टर दाखवून द्यायला सांगा. त्यांना शीर सापडते, फक्त औषध ओळखीचं नसतं. बर्फाच्या डब्यात उरलेल्या कुप्या. हिमोफिलियाचा प्रकार, वजन, इनहिबिटर आहे की नाही, शेवटचा डोस कधी घेतला, आणि केंद्राच्या डॉक्टरांचा नंबर असलेला कागद रुग्णाच्या खिशात. त्याच कागदावर मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहून ठेवा : स्नायूत इंजेक्शन देऊ नये. आधी फॅक्टर द्यावा.